हलू नका, आजी

"मगे... ती होडी इली काय?"

कुबल मास्तरांनी छायाचित्र हातभर लांब धरलं होतं. विचारतानाही त्यांनी नजर त्यावरून काढली नव्हती.

परिमलला क्षणभर काही कळेना. "कुठली होडी, सर?"

"जिची ही बाय वाट बघता, ती."

"ते... ते नाही माहीत."

"नाय म्हायत?"

"मला पुढे निघायचं होतं, सर. सहाची बस होती."

"अच्छा," मास्तर म्हणाले, आणि पुन्हा चित्राकडे बघत राहिले.

परिमल सोवनी हा काही कुणी ऐरागैरा नव्हता. डहाणूपासून रेडीपर्यंतचा सगळा किनारा त्याने चार महिने पायी, एसटीने आणि मिळेल त्या टेम्पोने पालथा घातला होता. त्याने काढलेल्या माणसांच्या आणि बंदरांच्या छायाचित्रांचं पुण्यामुंबईत कौतुक चाललं होतं. आठ दिवसांनी मुंबईत प्रदर्शन होतं. जाड, गुळगुळीत कागदाची निमंत्रणपत्रिका छापून झाली होती, आणि तिच्यावर हेच चित्र होतं. दुपारी सर्जेवाडीत उतरल्या उतरल्या त्याने पेटी उघडून सगळ्यांत आधी हेच मास्तरांच्या हातात दिलं होतं.

पेटीत साठ चित्रं होती. त्यांतली चाळीस निवडायची होती, आणि त्यासाठी मास्तरांचा सल्ला घ्यायचा, असं तो सगळ्यांना सांगून निघाला होता. ते काही खरं नव्हतं. निवड त्याने कधीच केली होती. तो आला होता तो एका शब्दासाठी.

त्याचे वडील सर्जेवाडीला पोस्टमास्तर होते तेव्हा पाचवी ते सातवी तो इथल्या शाळेत शिकला. चित्रकला शिकवायला कुबल मास्तर. पोराचं चित्र जमलं की मास्तर "बरां" म्हणायचे. त्यापुढची शाबासकी त्यांच्याकडे नव्हतीच. शाळेतल्या कितीतरी पोरांना ती मिळाली होती. एकाने नुसता केळीचा घड काढला होता, त्यालाही मिळाली. परिमलला तीन वर्षांत एकदाही मिळाली नाही. आता तो छत्तीसचा होता, मास्तर एक्क्याऐंशीचे, आणि हा हिशेब अजून त्याच्या मनात खुपत होता.

"आकाश बघा ना, सर," तो म्हणाला. "हे काळं आभाळ, आणि तिच्या गालावर तेवढाच उजेड. अर्धा मिनिट होता तो."

"हूं."

"आणि डोळे."

"डोळे बघतंय मी," मास्तर म्हणाले.

चित्रात एक म्हातारी होती. डोक्यावरून पदर, कमरेला टेकवलेली मासळीची पाटी, पुढे पालथी पडलेली राखाडी लाट. तिची नजर पाण्यावरून कुठेतरी फार लांब लागलेली. खाली नाव होतं, 'प्रतीक्षा'. हे चित्र फोनवर लाखभर लोकांनी पाहिलं होतं. एका बाईने लिहिलं होतं, यात मला माझी आई दिसली. आणखी कुणी लिहिलं होतं, देवा, हिचा मुलगा सुखरूप परत येऊ दे. त्याच्याखाली परिमलने हात जोडल्याची खूण टाकली होती.

"बाकीची पण बघा ना," तो म्हणाला. त्याला त्या होडीपासून जरा लांब जायचं होतं.

एवढ्यात द्वारकाकाकी चहा घेऊन खळ्यात आल्या. घरापुढच्या त्या सारवलेल्या अंगणाच्या टोकाला माडाचे दोन बुंधे होते आणि बुंध्यांपलीकडे सरळ वाळू आणि समुद्र. मास्तरांच्या या बायकोने बत्तीस वर्षं बाजारात मासळी विकली होती. गिऱ्हाइकाची चप्पल बघून ते पापलेट घेणार की स्वस्तातली तारली, हे सांगणारी बाई. चित्रकलेतलं आपल्याला काही कळत नाही असं त्या स्वतःच म्हणायच्या, आणि मग न विचारता बोलायच्या.

त्यांनी पदराला हात पुसले आणि वरचं चित्र उचललं. सोनेरी उन्हात, डोक्यावर पाटी घेऊन वाळूतून चाललेली कोळीण.

"हिची पाटी रिती आसा," काकी म्हणाल्या.

परिमल हसला. "ते कशावरून, काकी?"

"मान बघ तिची. भरली पाटी डोक्यार घेतल्यार मान अशी रवता? आणि पाय बघ. वाळूत रुतूक नाय ते."

परिमलने वाकून पाहिलं. हे चित्र त्याने हजारदा पाहिलं असेल. पाय खरंच वरवर टेकले होते.

"ती घरी निघाली होती," तो म्हणाला. "मासळी विकून झाली होती. मीच म्हटलं, जरा डोक्यावर घ्या."

"मगे घेतल्यान?"

"हो. लगेच."

"गरीब बाय," काकी म्हणाल्या आणि पुढचं चित्र घेतलं.

त्यात मांडीवर जाळं पसरून एक म्हातारा सुई ओढत बसला होता. चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, मांडीवर दोऱ्यांचं. या चित्राला मागच्याच महिन्यात बक्षीस मिळालं होतं.

काकींनी ते उजेडाकडे धरलं. मग मास्तरांकडे बघितलं. मग परत चित्राकडे.

"ह्या जाळ्याक भोकच नाय," त्या म्हणाल्या. "ह्यो शिवता काय?"

मास्तरांच्या मिशीखाली काहीतरी हललं. परिमलचे कान तापले. तो म्हातारा त्या दुपारी छपरीत झोपला होता. जाळं खुंटीला होतं. उठवल्यावर तो बिचारा तोंड धुऊन, डोक्यावर टोपी घालून बसला होता आणि सुई कुठून घालू म्हणून विचारत होता. घाला कुठूनही, परिमलने त्याला सांगितलं होतं.

"काकी, लोकांना एवढं कळत नाही."

"लोकांक नाय कळत," काकींनी मान डोलावली. "पण त्या जाळेवाल्याक कळता मा?"

परिमलने चहाचा घोट घेतला, तर चहा निवून गेला होता.

पेटीच्या तळाशी एक चित्र चुकून आलं होतं. दोन रापणकार, रापणीचं जाळं ओढणारे, भर किनाऱ्यावर भांडत होते. एकाचा हात हलल्याने पुसट झालेला, दुसऱ्याची लुंगी सुटायला आलेली, मागे एक कुत्रं कंटाळून बसलेलं. काकी ते बघून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "ह्यो भांडता तो बरो," त्या म्हणाल्या. मास्तरांनी हात पुढे करून ते मागून घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि आपल्या मांडीजवळ ठेवलं. परिमलला ते टाकून द्यायचं होतं.

पण पहिलं चित्र मास्तरांनी खाली ठेवलंच नव्हतं. ते त्यांच्या डाव्या हातात होतं, आणि आता काकींनी ते काढून घेतलं.

"ह्यां निळां काय?"

कोपऱ्यात नखाएवढा निळा ठिपका होता.

"ताडपत्री आहे," परिमल म्हणाला. "मागे होड्या होत्या, वर ओढून झाकून ठेवलेल्या. ते निळं प्लास्टिक फार डोळ्यांत येत होतं, म्हणून तेवढा भाग कापला. थोडंसं राहिलं वाटतं."

"खंयच्या म्हयन्यात काढलंस ह्यो फोटो?"

"आषाढात. तारामळला. देवगडच्या अलीकडे."

काकींनी चित्र मांडीवर ठेवलं. या वेळी त्या हसल्या नाहीत.

"आषाढात होडयो वर काढून झाकलेल्यो," त्या सावकाश म्हणाल्या. "दर्यात कोण गेलो हा? मगे ही वाट कोणाची बघता?"

माडावरून एक कावळा उडाला.

ही गोष्ट किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पावसाळ्याचे दोन महिने मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर, माणसं घरात. परिमललाही ठाऊक होती. त्याच्या वहीत तारामळच्या पानावर त्याने स्वतःच्या अक्षरात 'बंदी चालू, सगळे घरी' असं लिहिलं होतं. पण चित्र हाती आलं, लोक रडले, आणि त्यांच्याबरोबर तोही त्या न गेलेल्या होडीची काळजी करायला लागला. आपण रचलेल्या गोष्टीवर आपलाच विश्वास बसला, हे त्याला आत्ता, काकींच्या एका वाक्याने कळलं. त्याला लाज वाटली.

म्हणजे मास्तरांना पहिल्या नजरेतच दिसलं होतं.

"मगे ती दर्याकडे कित्याक बघत होती?" मास्तरांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. पाटीवर काय लिहिलंय ते वाचून दाखव, अशा सुरात.

परिमल पेटीतली चित्रं सारखी करायला लागला.

"परिमल."

"मी सांगितलं, सर."

"काय सांगलंस?"

"आजी, समुद्राकडे बघा. हलू नका."

काकी कपबशा गोळा करून आत गेल्या. त्या गेल्यावर परिमलला कंठ फुटला. सगळेच असं करतात, तो म्हणाला. चित्रकार समोर माणूस बसवतोच की. भाव खरा असला म्हणजे झालं. चेहरा तर तिचाच आहे, मी काही तो रंगवला नाही. आणि तुम्हीही वर्गात आम्हाला स्टुलावर बसवायचातच ना, सर? मान अशी कर, हात तसा ठेव...

"बसवत होतंय," मास्तर म्हणाले.

त्यांनी वाद घातला असता तर परिमलला बरं वाटलं असतं. वाद घालायची त्याची तयारी होती. पण मास्तर काठी टेकत, दाराच्या चौकटीचा आधार घेत उठले, घरात गेले, आणि येताना एक जुना फळा, त्यावर चिमट्याने अडकवलेला कागद आणि पेन्सिल घेऊन आले.

"उभो रव थंय. माडाकडे."

"मी?"

"तुझां चित्र काढतंय."

परिमलला आपल्या कानांवर विश्वास बसेना. आतून काकींचा आवाज आला, "दोन वर्सां पेन्सिल हातात धरूक नाय तुमी. आज काय ह्यां?" परिमल झटकन उठला, सदरा नीट केला, केसांवरून हात फिरवला आणि माडाच्या बुंध्यापाशी जाऊन उभा राहिला.

"कसा उभा राहू, सर?"

"दर्याकडे बघ. हालू नको."

हे शब्द कुणाचे, ते त्याला तिथल्या तिथे ओळखू यायला हवं होतं. पण स्वतःचं चित्र निघत असलं की भल्याभल्यांची अक्कल चरायला जाते. त्याने हनुवटी जराशी वर घेतली, खांदे मोकळे सोडले आणि समुद्रावर नजर लावली. मास्तर आपलं चित्र काढतायत. केळीचा घड काढणाऱ्या पोराचं कधी काढलं होतं त्यांनी?

चार वाजून गेले होते. मार्गशीर्षातलं ऊन, पण थेट समोरून येणारं. पाण्यावरून ते डोळ्यांत टोचत होतं.

पहिली दहा मिनिटं मजेत गेली. पेन्सिलीचा आवाज येतोय असं त्याला वाटलं. मग वाटलं, माडाच्या झावळ्या एकमेकींवर घासतायत. मास्तर पहिल्यापासूनच फार हलक्या हाताने काढायचे.

डावी पोटरी भरून आली. त्याने भार उजव्या पायावर घ्यायचं ठरवलं, आणि नाही घेतला. समोर बसलेला माणूस हलला तर काढणाऱ्याची सगळी मेहनत पाण्यात जाते, हे त्याला मास्तरांनीच शिकवलं होतं. मानेवर एक माशी बसली. तीही त्याने बसू दिली.

वाळूवरून दोन बायका बोलत गेल्या. त्यांतली एक थांबली असावी. "ह्यो कोण गो?" "मास्तरांचो कोणतरी आसतलो." "उभो कित्याक?" "काय म्हायत." त्या हसल्या आणि गेल्या. त्याला त्यांच्याकडे बघता येईना. त्याच्याबद्दल बोलत होत्या आणि त्याला साधी मान वळवता येत नव्हती.

अर्धा तास झाला असेल. मागे काहीच आवाज नव्हता. ना खोकला, ना कागद. मास्तर आत तर गेले नाहीत? एक्क्याऐंशीचं वय. बसल्या बसल्या डोळा लागला असेल. की विसरले? विसरलेच असतील... काय माणूस आहे. आठ दिवसांवर प्रदर्शन आलंय, आणि आपण इथे उन्हात खांबासारखे. रागाने त्याची कानशिलं थाडथाड उडायला लागली. वळून बघावं आणि सरळ सांगावं, सर, पुरे.

पण वळता येईना. वळलो आणि ते काढत असले तर? ज्याने आपल्याला उभं केलं त्यानेच पुरे म्हणायचं असतं. आपणच पुरे म्हणायचं म्हणजे...

तेव्हा त्याला स्टूल आठवलं.

सातवीत एकदा पाऊण तास तो त्या स्टुलावर बसला होता. घंटा झाली. पोरं आपापली चित्रं उंच करून 'सर, माझं बघा, सर, माझं बघा' ओरडायला लागली. मास्तरांनी एकाचंही बघितलं नाही. ते पोरांमधून वाट काढत आधी त्याच्याकडे आले. "उठ रे, झालां," म्हणाले. तो उठला तर पाय लटपटले, तेव्हा त्यांनी त्याला बखोटीला धरून दोन पावलं चालवलं आणि माठातलं पाणी दिलं. मग पोरांची चित्रं. दर वेळी असंच. जो बसलाय त्याला आधी उठवायचं, मग चित्राकडे बघायचं. ही काही फळ्यावर लिहिलेली शिकवण नव्हती, म्हणून ती त्याच्या लक्षातही राहिली नव्हती.

आणि त्याच्या डोळ्यांपुढे तारामळ उभं राहिलं.

ती पाटी धुवायला किनाऱ्यावर आली होती. घरातली रिकामी पाटी, दुसरं काही नाही. "फोटो काढतंस? माझो?" म्हणून लाजली होती. पदर सारखा केला होता. "अशी काय रे, बाबा?" तिने विचारलं. "हो आजी, अशाच. समुद्राकडे बघा. हलू नका." मग तिने एकदाही मान वळवली नाही. तोंडही जेमतेम हलवत, ओठांतल्या ओठांत ती म्हणाली होती, "बघतंय हां."

त्याने गालावरचा उजेड टिपला. मग पाठीमागून हवं होतं, सगळा किनारा घेऊन, म्हणून तो मागे मागे जात राहिला. पार खडकापर्यंत. तिथून शेवटचे चार फोटो काढले. त्यांत ती बोटाएवढी दिसत होती आणि ताठ उभी होती. वळणावर बस दिसली. तो पळाला. पळताना त्याने तिला हात केला होता, ते त्याला नीट आठवत होतं, आणि आपण हात केला होता याचं त्याला आजवर समाधान वाटत आलं होतं.

तिची पाठ होती त्याच्याकडे.

परिमलच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. उन्हाने येतंय असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. ती किती वेळ उभी राहिली असेल? पाऊस आला असेल. सत्तरी तरी असेल तिची, गुडघे धरलेले असतील. पोराचं चित्र बिघडू नये म्हणून तिनेही भार या पायावरून त्या पायावर घेतला नसेल. शेवटी हाक तरी कुणी मारली असेल, की अंधार पडल्यावर आपणच ओळखलं असेल तिने? आणि ओळखल्यावर तिला कसं वाटलं असेल?

त्याला राग आठवेना. चाळीस चित्रं आठवेनात. मास्तरांकडून काय ऐकायला आपण आलो होतो तेही तो विसरून गेला होता. तारामळ इथून तीन तासांवर आहे, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

सूर्य पाण्याच्या जवळ आला. घरातून काकींची हाक आली, आणि ती त्याच्यासाठी नव्हती.

"अवो, बसा तरी. तासभर उभे आसास. पाय सुजतले मगे."

मास्तर आत गेले नव्हते. त्यांचा डोळा लागला नव्हता. तो उभा राहिल्यापासून तेही त्याच्या मागे, पाच पावलांवर, उभेच होते.

"सर..." तो म्हणाला. मान अजून समुद्राकडेच होती.

मागे वाळूत पाय सरकल्याचा आवाज आला.

"सर... झालं का?"

काठी वाळूत रुतल्याचा आवाज आला, मग आणखी एकदा. मास्तरांचा हात त्याच्या खांद्यावर पडला. परिमलने वळून बघितलं. फळ्यावरचा कागद कोरा होता. मास्तरांचे डोळेही उन्हाने, की कशाने, लाल झाले होते.

"तुझां झालां, बाबा," ते म्हणाले.

त्यांनी त्याला बखोटीला धरून खळ्याकडे चालवलं. पायरीपाशी म्हातारीचं चित्र पडलं होतं. मास्तरांनी ते वाकून उचललं, वाळू पुसली आणि त्याच्या हातात दिलं.

"ती आषाढापासून उभी आसा."